मिरचीचं बी

२०२० सालच्या दिवाळीनंतर मी अंगणातले सिमेंटचे ब्लॉक उपटायला घेतले. पहार लावून एकेक ब्लॉक निघत होता आणि खालची खडी, खडीखालची पिवळी पडलेली माती दिसत होती. रस्त्याने जाणारा येणारा थांबून विचारायचा, "काय काका, पाइपलाइन फुटली काय?" मी म्हणायचो, "नाय, मिरची लावायचीय." लोक हसायचे. ज्या ब्लॉकांसाठी सात-आठ वर्षांपूर्वी मी पदरचे पैसे मोजले, ते आता मिरचीच्या पन्नास रोपांसाठी उपटत होतो. हसण्यासारखंच होतं ते.

आमचं जिते गाव पेण तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यालगत. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडीही आमच्या स्टेशनात थांबते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीचा मुलूख. पीक म्हणाल तर भात. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. मिरचीचं गाव अशी आमच्या गावाची ओळख कधीच नव्हती. मिरच्यांचे ढीग बघायचे तर नंदुरबारला जावं, नाहीतर आंध्रातल्या गुंटूरला. आमच्याकडे मिरची शेतात नव्हती, परसात होती. पाच झाडं, दहा झाडं, फार तर एक वाफा. म्हणून तिची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर झाली नाही. पण माझ्या लहानपणी परसात मिरची नाही असं घर गावात नव्हतं.

आमच्या घरची मिरची आईच्या ताब्यात होती. न्हाणीचं पाणी जिथून वाहून जायचं तिथे तिची रांग असायची. भात झोडून झालं की ती वाफा खणायची, शेणखत घालायची, आणि चुलीतली राख चाळून रोपांवर भुरभुरायची. राख का, असं विचारलं तर म्हणायची, "पान गोड असतंय, राखेनं किडीचा तोंड कडू होतंय." मिरची बोटाच्या दोन पेरांएवढी, देठाकडे जाड आणि टोकाला निमुळती. कच्ची असताना काळपट हिरवी, पिकली की गर्द लाल. तिला वेगळं नाव नव्हतं. सगळे 'गावठी मिरची' म्हणायचे. कालवणाच्या टोपात दोन पुरत. तांदळाची भाकरी, भाजलेला सुका जवळा आणि या मिरचीचा खर्डा एवढ्यावर नांगरणीचा अख्खा दिवस निघायचा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायचा. त्या लाल ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नसे. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई भाकरीवर खर्ड्याचा बोटभर गोळा ठेवायची. जीभ पोळायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्या नादात भाकरी संपायची.

बियाण्याची तिची रीत ठरलेली होती. पहिल्या तोड्याची मिरची बियाण्याला ठेवायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातली, मधल्या निरोगी झाडांची, झाडावरच पूर्ण लाल झालेली मिरची घ्यायची. दोऱ्यात ओवून चुलीवर धुराला टांगायची. वाळली की बी काढून राखेत कालवायचं, लहान मडक्यात भरायचं आणि मडक्याचं तोंड शेणमातीने लिंपायचं. ते मडकं मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचं. गावातली कुणी बाई मागायला आली की आई लिंपण फोडून चिमूटभर द्यायची आणि पुन्हा लिंपायची. म्हणायची, "बी वाटलं तं ऱ्हातंय. बांधून ठेवलं तं कुजतंय." तेव्हा मला ते म्हातारीचं बोलणं वाटायचं.

ही गावठी मिरची आपली, बापजाद्यांपासूनची, असंच मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत समजत होतो. मी शिकलो दहावीपर्यंत, पण वाचायची खोड आहे. पेणला गेलो की वाचनालयात शिरायचं आणि मिळेल ते पुस्तक आणायचं. अशाच एका पुस्तकात वाचलं की मिरची मूळची इथली नव्हेच. ती समुद्रापलीकडची, अमेरिका खंडातली. मेक्सिकोकडचे लोक ती हजारो वर्षं खात होते. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला तो खरं तर हिंदुस्थानच्या आणि मसाल्यांच्या शोधात. त्याला मिरी हवी होती, सापडली मिरची. पुढे वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. आले होते आपली मिरी न्यायला, आणि येताना त्यांच्या जहाजांतून मिरची आली.

मला आश्चर्य वाटलं ते पुढचं वाचून. १५२१ साली पोर्तुगीजांनी आमच्या शेजारच्या चौलला किल्ला बांधायला घेतला. चौल म्हणजे आजच्या अलिबाग तालुक्यातलं, रेवदंड्याच्या खाडीवरचं जुनं बंदर. जवळजवळ सव्वादोनशे वर्षं ते तिथे होते. १७४० साली चौल मराठ्यांच्या ताब्यात आलं. म्हणजे आईच्या वाफ्यातली मिरची ज्या जहाजांतून या देशात आली, तशी जहाजं आमच्यापासून एका दिवसाच्या वाटेवर नांगर टाकून उभी राहत होती. चौलहून गलबतं धरमतरच्या खाडीत शिरायची, भरती बघून पेणच्या अंतोरा बंदराला लागायची. आमचा आजा अंतोऱ्याच्या गलबतांच्या गोष्टी सांगायचा. इथून भात आणि मीठ जायचं, येताना दुसरा माल यायचा. कधीकाळी त्या मालात मिरचीही असणार.

मिरची यायच्या आधी आपल्याकडे तिखट नव्हतं असं नाही. मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं, मोहरी होती. अकबर बादशहाच्या मुदपाकखान्याची माहिती अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवली आहे. त्यातल्या पदार्थांत मिरी आहे, आलं आहे, हिंग आहे. मिरची नाही. दिल्ली-आग्र्याच्या बादशहाला जी मिळाली नाही, ती नंतर आमच्यासारख्याच्या न्हाणीपाशी उगवू लागली.

नावाची गंमतही बघण्यासारखी आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या बऱ्याच वस्तू त्यांचीच नावं घेऊन आपल्यात राहिल्या. बटाटा, काजू, अननस, तंबाखू, पाव, कोबी ही सगळी नावं त्यांच्याकडची. मिरचीला मात्र आपण आपलं नाव दिलं. मिरीवरून मिरची. मिरीच्या घरातलीच एक पोर असल्यासारखं. झाड म्हणून बघाल तर दोघींचं काही नातं नाही. मिरीचा वेल दुसऱ्या झाडावर चढतो. मिरची वांग्या-टोमॅटोच्या भावकीतली. पण जिभेने नातं जोडलं, आणि लोकांनी तेच खरं मानलं.

आणखी एक गोष्ट मी कीर्तनात ऐकताना मनात ठेवली होती. अरणच्या सावता माळ्यांच्या नावाचा एक अभंग घरोघरी म्हटला जातो. मळ्यातल्या भाजीतच आपला देव आहे असा त्याचा भाव. त्या भाजीपाल्यात मिरचीचंही नाव येतं. सावता महाराजांनी देह ठेवला १२९५ साली. मिरची या देशात आली त्यानंतर दोनशे वर्षांनी. मग ती अभंगात कशी? मला वाटतं, यात कुणाची लबाडी नाही. गाणं तोंडातून तोंडात जातं तेव्हा म्हणणाऱ्याच्या परसातलं झाड त्यात आपसूक येऊन बसतं. मिरचीशिवायचा मळा लोकांच्या डोळ्यांपुढे येईना, म्हणून त्यांनी तिला संतांच्या मळ्यात नेऊन लावली. परक्या मुलखातून आलेल्या झाडाला याहून मोठा मान कुठला?

हा मान तिला का मिळाला, याचा मी पुष्कळ विचार केला. मिरीचा वेल लावायचा तर सावली हवी, आधाराचं झाड हवं, तीन-चार वर्षं थांबायची तयारी हवी. ते मलबारचं पीक, बाकीच्यांनी ते विकतच घ्यायचं. मिरचीला काय लागतं? लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची हातात. कुडाच्या कडेलाही ती वाढते. विकत घ्यावं लागणारं तिखट तिच्यामुळे गरिबाच्या दारात आलं. भाजी नसली, मासळी नसली, तरी मीठ-मिरचीवर घास उतरतो. मीठ आमच्या खाडीत पिकायचं, मिरची परसात. बाजाराचा हात त्या ताटापर्यंत पोचत नव्हता.

खोताचाही पोचत नव्हता. आमच्या कुलाबा जिल्ह्यात खोती काय होती हे नव्या पोरांना सांगावं लागतं. भात पिकवायचं कुळाने आणि खळ्यावर वाटा घ्यायचा खोताने. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. जमिनी ओस टाकल्या, हाल काढले, पण १९३९ पर्यंत लोक मागे हटले नाहीत. त्याच दरम्यान १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचं बिल मांडलं. पुढे कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक ठरला. आमची आजी सांगायची, खळ्यावर भाताची रास पडली की खोताचा माणूस मापाला बसायचा. पण न्हाणीमागच्या मिरच्या मोजायला कोण येणार? घरात आपली म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू. मागणाऱ्याला मूठभर द्यायची तर तिथलीच देता यायची.

इथे मला इतिहासाच्या पुस्तकांत एक जागा रिकामी दिसते. जहाजांची नावं मिळतात, कप्तानांची मिळतात, किल्ल्यांची सालं मिळतात. पण बंदरापासून परसापर्यंत मिरची कुणी आणली? कुठल्या सरकारने बियाणं वाटलं नव्हतं. बाजाराला गेलेल्या कुणा बाईने वाळलेली मिरची फोडून बी टाकून बघितलं असेल. उगवलं तेव्हा शेजारणीला दिलं असेल. शेजारणीने लेकीच्या पदराला बांधून दिलं असेल. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा आईने तिच्या ट्रंकेत एक पुरचुंडी ठेवली, ती मी या डोळ्यांनी बघितली आहे. तिचं सासर रोहे तालुक्यात. त्या पुरचुंडीत मिरचीचं बी होतं. समुद्र ओलांडायला मिरचीला जहाज लागलं. पुढचे चारशे-पाचशे मैल ती अशीच गेली, एका माहेराहून दुसऱ्या सासरी.

आता ती आमच्या घरातून गेली कशी, ते सांगतो. १९८६ साली आपट्यापासून रोह्यापर्यंत रेल्वे झाली. त्याच काळात रसायनी, नागोठणे, धाटाव अशा सगळ्या बाजूंनी कारखाने उभे राहत होते. मीही एका कारखान्यात कंत्राटावर लागलो. पाळी करायची आणि उरलेल्या वेळात शेती. पनवेलचा, पेणचा बाजार हाताशी आला. बाजारात लांब, फिक्या हिरव्या रंगाची ज्वाला मिरची आली. ती दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेली जात. झाड भरपूर लागतं, मिरची दिसायला देखणी. आमच्या दापोलीच्या विद्यापीठानेही कोकणच्या हवेला मानवेल अशी 'कोकण कीर्ती' काढली. या जातींना मी नावं ठेवणार नाही. ज्याला विकायची आहे त्याला तोडा जास्त देणारी मिरचीच हवी. मसाल्याच्या सुक्या मिरच्या तर आधीपासून विकतच्या होत्या. रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. मुंबईला गिरणीत असलेली आमच्याकडची माणसं लालबागच्या मिरची गल्लीतून त्या आणायची. उन्हाळ्यात उखळाभोवती बायकांचा मसाला कुटायचा मेळा भरायचा, पुढे डंक आले आणि तोही मोडला.

त्यातच परसातल्या मिरचीवर बोकड्या वाढला. पानं आकसतात, झाड खुजं होतं, फूल गळतं. एका वर्षी आईची अर्धी रांग गेली. ती पुन्हा रोपं टाकायच्या तयारीत होती. मी पाळी करून आलो होतो, झोपेचा वैतागलेला. म्हणालो, "कशाला राबतेस? दहा रुपयाला पिशवीभर मिळते." ती एवढंच म्हणाली, "बाला, बाजारची मिरची नुसती हिरवी हाय. तिच्यात तिखट कुठं हाय?"

तरी तिने सोडलं नव्हतं. मग २६ जुलै २००५ चा पाऊस आला. मुंबईचं तेव्हाचं हाल सगळ्यांना आठवतात, पण रायगड जिल्ह्यानेही त्या दिवसांत फार भोगलं. महाडकडे दरडींखाली माणसं गेली. आमच्या घरात पाणी शिरलं आणि मागची मातीची भिंत बसली. माणसं वाचली, गुरं वाचली. कोनाडा भिंतीबरोबर गेला. आईने दुसऱ्या दिवशी चिखलात हात घालून खापऱ्या शोधल्या. बी सापडलं नाही. चार दिवसांनी ती मला म्हणाली, "बायकडं जाऊन ये. तिच्याकडं असंल आपलं बी." मी म्हणालो, पुढच्या रविवारी जातो. घर उभं करायचं होतं, पाळ्या होत्या, कर्ज होतं. तिने नंतर दोन-तीनदा आठवण केली. मी दर वेळी पुढचा रविवार सांगितला. २००९ साली ती गेली. ते रविवार तसेच राहिले.

पुढे पक्कं घर झालं. मुलीच्या लग्नात मांडवाला चिखल नको म्हणून मी अंगणात आणि परसात ब्लॉक बसवून घेतले. न्हाणीचं पाणी पाइपातून गटारात गेलं. ज्या जागेवर आईची रांग होती, तिथे पोराची मोटारसायकल उभी राहू लागली. अकरा वर्षं घरात मिरचीचं एक रोप नव्हतं आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

वाटलं ते २०२० च्या टाळेबंदीत. बाजार बंद, गाड्या बंद. एके दिवशी घरात मिरची नव्हती. बायकोने नुसत्या मसाल्यावर कालवण केलं. शेतकऱ्याच्या घरात, तीन बाजूंनी माती असताना, एका मिरचीसाठी दुकान उघडायची वाट बघायची! मला लाज वाटली. डब्यातल्या सुक्या लाल मिरच्या फोडून मी बी काढलं आणि मे महिन्यात एका जुन्या टबात टाकलं. उगवण बरी झाली. रोपं चार पानांवर असताना ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे गेले. आमचाही पत्रा उडाला, तो थेट टबावर. नंतर बाजारातून दुसरी रोपं आणून कुंड्यांत लावली. ती जगली, पण पावसाने मुळं कुजली आणि उरलेल्यांवर बोकड्या आला. तेव्हा कळलं की मला मिरची लावता येत नाही. साठ वर्षांचा शेतकरी मी, भाताचं सगळं येतं. मिरचीचं ज्ञान आईच्या हातात होतं आणि मी ते कधी उचललंच नव्हतं.

भाऊबिजेला पोराच्या गाडीवर बसून बहिणीकडे गेलो. तीही आता सत्तरीला टेकलेली. ओवाळून झालं, जेवण झालं. हात धुवायला मागे गेलो तर न्हाणीच्या पाण्यावर मिरचीची तीन झाडं. दोन पेरांची मिरची, देठाकडे जाड. मी तिथेच उभा राहिलो. बहीण मागून आली आणि म्हणाली, "आय फोन करायची तवा इचारायची, बी ठेवलंस ना? मी सांगायची, ठेवलंय. तो येईल न्यायला, म्हणायची." जरा थांबून म्हणाली, "तू आलास नाय." पुढे ती काही बोलली नाही, मीही नाही. निघताना तिने कागदात बांधून बी दिलं. ओवाळणी मी घालायची असते, पण त्या दिवशी घेऊन मी आलो.

त्या आठवड्यात ब्लॉक उपटले. खडी काढून शेतातली माती आणि शेणखत भरलं. गादीवाफ्यावर बी टाकलं आणि वर जुनी मच्छरदाणी ताणली. कारण बोकड्या हा काही एकच रोग नाही, हे एव्हाना कृषी सहायकाकडून समजून घेतलं होतं. फुलकिड्यांनी रस शोषला की पान वरच्या अंगाला वाटीसारखं वळतं, कोळ्यांमुळे खालच्या अंगाला. आणि पांढरी माशी विषाणू आणते, त्याला औषध नाही. ते रोप उपटून पुरायचं. रोप लहान असताना माशीला आत येऊ दिलं नाही की अर्धं काम झालं. पाच-सहा आठवड्यांनी रोपं वरंब्यावर लावली. पिवळे आणि निळे चिकट कागद टांगले, दहा-बारा दिवसांनी निंबोळी अर्क फवारला. राखही भुरभुरली. राखेने किती फरक पडतो ते विद्यापीठवाल्यांना विचारा. मी भुरभुरली ती आई भुरभुरायची म्हणून.

पन्नासातली अडतीस रोपं उभी राहिली. मार्चमध्ये पहिला तोडा निघाला. खर्डा केला आणि पहिल्या घासाला ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. नातू घाबरून पाणी घेऊन धावला. मी म्हटलं, राहू दे.

तिखट म्हणजे नेमकं काय, तेही मी नंतर वाचलं. मिरचीतल्या त्या द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते बियांत नसतं, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतं. आपल्या अंगात चटका कळायची जी दारं आहेत, तीच ते उघडतं, म्हणून न भाजताही भाजल्यासारखं वाटतं. हे दार शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पाखरांना मात्र हा चटका लागत नाही. आमच्या वाफ्यावर बुलबुल येतो, लाल मिरची गिळतो आणि बी लांब नेऊन टाकतो. दाढेने बी चिरडणाऱ्या जनावरांना मिरची जाळते आणि बी पेरणाऱ्या पाखराला काही करत नाही. माणूस तेवढा एकच असा, जो रडत रडत खातो आणि पुन्हा पेरतो.

आता खरी गोष्ट. ही तीच मिरची आहे का? बहिणीच्या शेजारच्या शेतात पंचवीस-तीस वर्षं ज्वाला लावतात. मिरचीचं फूल आपलं आपण फळतं, पण मधमाश्या परागाची सरमिसळही करतात. माझ्या अडतीस झाडांपैकी नऊ झाडांना लांब, फिक्या मिरच्या लागल्या. त्या मी खायला घेतल्या, बियाण्याला घेतल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी लांब मिरचीची झाडं कमी निघाली, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. तरी ही तंतोतंत आईची मिरची असं मी छातीठोक म्हणणार नाही. आधी वाईट वाटायचं. मग वाटलं, जी मिरची मुळात परमुलखातून आली, जिला आपण मिरीचं नाव दिलं, नंतर संतांच्या मळ्यातही नेली, तिच्या शुद्धतेचा हिशोब मी कुठल्या सालापासून धरू? तिची जात ठेवणाऱ्याच्या हातावर ठरत आली आहे. कोणती मिरची बियाण्याला ठेवायची आणि कोणती खायची, एवढं आई बघत होती, तेवढंच मी बघतो.

गोव्यात काणकोणकडच्या खोला मिरचीला आणि आपल्या नागपूरकडच्या भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चांगलं झालं. आमच्या परसातल्या मिरचीला असलं काही मिळणार नाही आणि ती बाजारालाही पुरणार नाही. कारखाने राहतील, रस्ता आणखी रुंद होईल, जमिनी आणखी जातील. पण चार हात माती बहुतेक घरांपाशी अजून आहे. ब्लॉकखाली का होईना.

बी मी आता काचेच्या बाटलीत ठेवतो, राखेत कालवूनच. पण सगळं एका बाटलीत ठेवत नाही. गावातल्या अकरा घरांत दिलं आहे, वाडीवरच्या दोघींना दिलं आहे. बहिणीची झाडं गेल्या पावसाळ्यात कुजली. यंदाच्या भाऊबिजेला पुरचुंडी घेऊन मी गेलो. रविवार नव्हता, तरी गेलो.